मधल्या काळातच लागून जाणारा निकाल

माझ्या भाचीच्या मुलाच्या ताब्याचा दावा बडोद्याच्या कौटुंबिक न्यायालयात सव्वादोन वर्षे चालला आणि त्यातील जवळजवळ प्रत्येक मुदतीला मी तिच्याबरोबर गेले. आमच्याकडे न्यायालयाच्या तारखेला मुदत म्हणतात. गुजरातीतून आलेला हा वापर बडोद्याच्या मराठी घरांत इतका रुळला आहे की, पुण्याच्या वकिलांना भाचीने फोनवर ‘पुढची मुदत कधी आहे’ असे विचारले तेव्हा ती मुदतवाढ मागते आहे असाच त्यांचा समज झाला. हे सारे संपून आता तीन वर्षे होऊन गेली आहेत. भाची आणि मुलाचे वडील या दोघांनाही विचारून, त्यांची संमती घेऊन मी हे लिहीत आहे. नावे मात्र मुद्दाम देत नाही, कारण मुलगा आता नऊ वर्षांचा आहे आणि समोर येईल ते वाचतो.

लिहिण्याचे कारण असे की, अलीकडे आमच्या नात्यातील आणखी एका घरावर हीच वेळ आली आहे आणि ती मंडळी आम्ही केली तीच चूक करताना मला दिसत आहेत. सर्वांचे लक्ष शेवटच्या निकालाकडे लागलेले असते. दावा जिंकायचा, मग मूल आपल्याकडे, आणि तोपर्यंत समोरच्याला जवळ फिरकू द्यायचे नाही, असा हिशेब असतो. मी जे पाहिले ते याच्या अगदी उलट आहे. मूल कोणाजवळ राहणार आणि कोणाला परके होणार, हे दावा दाखल झाल्यापासूनच्या पहिल्या सहा-आठ महिन्यांतच ठरून जाते, आणि त्या महिन्यांत बहुधा कोणत्याही न्यायाधीशाने त्या मुलाविषयी एक ओळदेखील लिहिलेली नसते.

भाची पुण्याहून माहेरी आली तेव्हा मुलगा पावणेचार वर्षांचा होता. नवराबायकोतील वादाचा तपशील येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. मारहाण नव्हती, व्यसन नव्हते. दोघांचे पटेनासे झाले होते आणि दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी, त्यात मीही आले, ते सावरण्याऐवजी ओढून धरले. दांडिया बाजारातील बहिणीच्या घरी त्या रात्री जी बैठक बसली तीत मेव्हण्यांनी ठामपणे सांगितले की, पाच वर्षांपर्यंत मूल आईचे आणि त्यानंतर बापाचे, असा कायदाच आहे. तेव्हा आपल्या हाती सव्वा वर्ष आहे. हा समज मी त्यानंतर इतक्या घरांत ऐकला आहे की तो येथेच दुरुस्त करणे आवश्यक वाटते. १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याचे सहावे कलम अज्ञान, म्हणजे सज्ञान न झालेल्या, मुलाचा नैसर्गिक पालक म्हणून आधी वडिलांचे आणि त्यांच्यानंतर आईचे नाव घेते, आणि पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा असे पुढे जोडते. पाचवा वाढदिवस झाला की मूल वडिलांच्या स्वाधीन करावे, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. त्याच कायद्याच्या तेराव्या कलमाने मुलाचे हित हाच सर्वश्रेष्ठ विचार मानला आहे आणि हे कलम वयाच्या प्रत्येक टप्प्याला लागू आहे. पाच वर्षांखालील मुलाबाबत आईच्या बाजूने असलेले गृहीतक किती भक्कम आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली रोक्सान शर्मा यांच्या खटल्यात सांगितले: एवढे लहान मूल आईकडे असणे त्याच्या हिताचे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी वडिलांवर पडते. पाच वर्षांनंतर ते गृहीतक उरत नाही, दोघांना आपापली बाजू मांडावी लागते, इतकेच.

‘वडील आणि त्यांच्यानंतर आई’ या शब्दांनीही बराच घोळ घातला होता. आपल्या मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेताना पालक म्हणून आईची सही चालणार नाही असे सांगितले गेल्यावर गीता हरिहरन यांनी जो दावा केला, त्याच्या १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ‘त्यांच्यानंतर’ याचा अर्थ ‘त्यांच्या गैरहजेरीत’ असा घेतला. वडील हयात आहेत पण मुलाकडे लक्ष देत नाहीत, किंवा आपसांत ठरवून त्यांनी सारे आईवर सोपवले आहे, तर आई पालक ठरते. असे असूनही भाची मुलाचे खाते उघडायला गेली तेव्हा खिडकीपलीकडच्या माणसाने पहिला प्रश्न वडिलांच्या सहीचा विचारला.

येथे शब्दांविषयी थोडे बोलावेसे वाटते, कारण न्यायालयाच्या बाकावर बसून मी त्यांचा पुष्कळ विचार केला आहे. आपण मुलाचा ‘ताबा’ म्हणतो. गुजरातीत अर्जात ‘कबजो’ असे लिहितात. दोन्ही शब्द घराचे, शेताचे, दुकानाच्या गाळ्याचे आहेत. मुले ही आईवडिलांची मालमत्ता नव्हेत आणि खेळणीही नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच रोझी जेकब यांच्या खटल्यात बजावले होते, तरी शब्द तोच राहिला आणि शब्दाबरोबर वृत्तीही राहिली. गुजरातीत दुसरा एक शब्द आहे, ‘वाली’. शाळेच्या प्रत्येक कागदावर खाली ‘वालीनी सही’ असे छापलेले असते. मराठीत हा शब्द आपण आता केवळ नकारातच वापरतो, अमक्याला कोणी वाली उरला नाही, असे म्हणताना. ज्या मुलासाठी दोन घरे भांडत असतात त्या मुलाला त्या मधल्या काळात खरोखरच कोणी वाली नसतो, कारण जो तो दावेदार झालेला असतो.

आता तो मधला काळ कसा निर्माण होतो ते सांगते. आमच्यासारख्या घरांच्या सोयरिकी पुण्या-मुंबईत, नाशकात होतात, त्यामुळे वाद झाला की तो दोन राज्यांत होतो. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे मूल जेथे सामान्यतः राहते तेथील न्यायालयात अर्ज करायचा असतो. मुलाच्या वडिलांचे म्हणणे असे की, तो जन्मापासून पुण्यात राहिला, बडोद्यात येऊन त्याला जेमतेम दोन महिने झाले, तेव्हा त्याचे राहण्याचे ठिकाण पुणेच. आमचे म्हणणे असे की तो आता आईसोबत येथे राहतो, येथील बालवाडीत जातो, म्हणून बडोदे. त्यांनी पुण्यात पालकत्वाचा अर्ज केला. भाचीने येथे हिंदू विवाह कायद्याखाली अर्ज केला आणि त्याच्या सव्विसाव्या कलमाखाली, म्हणजे मुलांचा ताबा, पोषण आणि शिक्षण यांविषयीच्या कलमाखाली, ताबा मागितला. एका राज्यातील दावा दुसऱ्या राज्यात हलवण्याचा अधिकार दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पंचविसाव्या कलमाने केवळ सर्वोच्च न्यायालयाला दिला आहे. म्हणजे बडोदे आणि पुणे यांच्यात रेल्वेचा एका रात्रीचा प्रवास, पण कोणत्या गावी बसून भांडायचे हे ठरवण्यासाठी दिल्लीला जायचे. पुण्याचा अर्ज बडोद्यास वर्ग व्हावा म्हणून आम्ही दिल्लीला गेलो, पुण्याचे काम थांबले, आणि बडोद्याचे काम आमच्याच वकिलांनी दिल्लीचा निर्णय येईपर्यंत पुढे ढकलून घेतले. यात सात महिने गेले. दावा कोठे चालावा यावर दोन्ही बाजूंनी शेकडो पाने लिहिली गेली आणि मुलगा वडिलांना कधी भेटेल यावर एकही नाही.

या सात महिन्यांत आम्ही जे केले त्याची जबाबदारी मी कोणावरही टाकू शकत नाही. पहिले काही आठवडे वडिलांचा रोज संध्याकाळी फोन येत असे. पुढे वकिलांनी सांगितले की बोलण्यातून काही तरी आपल्या विरुद्ध वापरले जाईल, तेव्हा सांभाळून राहा. आणि आम्ही त्या सल्ल्याचा सोयीस्कर अर्थ काढला. एकदा मीच फोन उचलला. “मावशी, दोन मिनिटे तरी त्याच्याशी बोलू द्या,” असे ते म्हणाले, आणि मी त्यांना, “आता जे काही असेल ते न्यायालयातच बोला,” असे उत्तर दिले. मुलगा त्या वेळी माझ्या पायाशी बसून रंगीत खडूंनी चित्र काढत होता. मी छत्तीस वर्षे शाळेत शिकवले आहे; चार वर्षांच्या मुलाची आठवण किती दिवस टिकते आणि ती कशी पुसत जाते हे मला कळत नव्हते असे नाही. तरीही मी ते उत्तर दिले.

वास्तविक कायद्याने या मधल्या काळासाठी दार उघडे ठेवले आहे. पालक व पाल्य कायद्याच्या बाराव्या कलमाखाली मुलाला न्यायालयासमोर आणण्याचा आणि त्याच्या तात्पुरत्या ताब्याचा आदेश होऊ शकतो, आणि हिंदू विवाह कायद्याच्या सव्विसाव्या कलमाखाली दावा चालू असतानाच अंतरिम आदेश मागता येतो. पहिल्याच मुदतीला ‘ताब्याचे काय व्हायचे ते होवो, पण येत्या शनिवारपासून भेट आणि रोज दहा मिनिटे फोन’ एवढा दोन ओळींचा अर्ज कोणीही करू शकतो, आणि मुलाला जवळ ठेवून घेतलेल्या बाजूने तो आपणहून केला तर त्याहून चांगले. मुलाला दोन्ही पालकांचे प्रेम मिळण्याचा हक्क आहे, आणि ज्याच्याकडे ताबा नाही त्याला भेटीबरोबरच फोनवरून, व्हिडिओवरून रोजचा संपर्कही मिळाला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली यशिता साहू यांच्या खटल्यात सांगितले आहे. आमच्या वकिलांनी असा अर्ज सुचवला नाही, समोरच्या वकिलांनी केला नाही. दोघांचाही भर मोठ्या दाव्यावर होता.

पुण्याचा अर्ज बडोद्यास वर्ग झाल्यावर पहिल्याच सुनावणीत न्यायाधीशांनी भेटीचा आदेश दिला: पंधरा दिवसांतून एकदा, शनिवारी, न्यायालयाच्या आवारात, समुपदेशकांच्या खोलीत, एक तास. त्या पहिल्या शनिवारी वडील रात्रीच्या गाडीने आले होते आणि मुलाचा आवडता लाकडी ट्रक त्यांनी पुण्याहून पिशवीत घालून आणला होता. मुलाने ट्रककडे पाहिले, माझा पदर धरला आणि वडिलांना म्हणाला, “मारे नथी आववुं.” मला यायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ. सात महिने गुजराती बालवाडीत गेलेल्या मुलाच्या तोंडून अनोळखी माणसाशी बोलायची भाषा म्हणून गुजराती आली होती. घरात तो आमच्याशी मराठीच बोलत असे. वडिलांना ते वाक्य चटकन समजले नाही. त्यांनी समुपदेशक बाईंकडे पाहिले आणि बाईंनी ते त्यांना मराठीत सांगितले. आपल्या मुलाचे म्हणणे दुसऱ्याकडून समजून घेणाऱ्या त्या माणसाचा चेहरा मी विसरू शकलेले नाही.

पुढच्या वर्षभरात मला हळूहळू उमगले की न्यायालय अशा वेळी पेचात सापडते. मूल ज्या घरात, ज्या शाळेत, ज्या माणसांत स्थिरावले आहे तेथून त्याला उचलून दुसरीकडे नेणे त्याच्या हिताचे आहे का, हा प्रश्न न्यायाधीशांना विचारावाच लागतो, आणि सामान्यतः त्याचे उत्तर ‘नाही’ असेच येते. हे चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. मी न्यायाधीश असते तर मलाही तेच वाटले असते. पण मूल तेथे स्थिरावले कसे, हा प्रश्न तोवर मागे पडलेला असतो. २०१७ सालच्या विवेक सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो पुढे आणला. दोन वर्षांचीही नसल्यापासून वडिलांकडेच वाढलेली मुलगी वडिलांजवळच राहायचे म्हणत होती. पण आईचा सहवास तिला मिळालेलाच नाही, तेव्हा तिने दोघांतून निवड केली असे म्हणता येणार नाही, असे धरून न्यायालयाने तिला आईकडे दिले. मुलाच्या मनात एका पालकाविषयी दुसऱ्याने दुरावा पेरणे, याची चर्चाही त्या निकालात आहे. आमच्या घरात कोणी मुलाजवळ त्याच्या वडिलांविषयी वाईट बोलले नव्हते. आम्ही त्यांचे नावच घेणे बंद केले होते, आणि चार वर्षांच्या मुलासाठी तेवढे पुरेसे होते.

ज्यांनी कौटुंबिक न्यायालय पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. १९८४ च्या कायद्याने ही न्यायालये वेगळी केली ती याच हेतूने की कुटुंबाचा वाद जमिनीच्या वादासारखा चालू नये. तडजोडीचा प्रयत्न करणे हे न्यायाधीशांचे कर्तव्य ठरवलेले आहे. कामकाज बंद दाराआड चालू शकते. वकील लावणे हा पक्षकाराचा हक्क मानलेला नाही, जरी परवानगी मागून सगळेच वकील लावतात. न्यायालय मानसोपचारतज्ज्ञांची, समाजकार्यात काम केलेल्या व्यक्तींची मदत घेऊ शकते, आणि या सगळ्यात समुपदेशक हा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा माणूस असतो. आमच्या समुपदेशक बाई गुजराती होत्या, पण बडोद्यात वाढल्यामुळे मराठी उत्तम बोलत. दुसऱ्या भेटीच्या वेळी त्यांनी भाचीला आणि वडिलांना वेगवेगळे बसवून एकेक कोरा कागद दिला आणि मुलाचा उठल्यापासून झोपेपर्यंतचा दिवस लिहायला सांगितले. भाचीने पान भरून लिहिले. वडिलांनीही पान भरून लिहिले, पण तो सगळा दिवस पुण्याचा होता: सकाळी बालगीते, दुपारी आजीजवळ वरणभात, संध्याकाळी गच्चीवर चेंडू. बाईंनी दोन्ही कागद भाचीसमोर ठेवले आणि काहीही न बोलता बाहेर जाऊन आल्या. त्यानंतरच्या मुदतीला भाचीनेच भेटीची वेळ वाढवण्यास संमती दिली. आमच्या सल्ल्याविरुद्ध दिली, हेही नोंदवले पाहिजे.

भेटी न्यायालयाच्या आवारातून बाहेर निघाल्या तेव्हा खरा फरक पडला. रविवारी सकाळी सयाजीबागेत, आम्ही अजूनही कमाटीबागच म्हणतो, तीन तास. प्राणी बघायचे, छोट्या गाडीत बसायचे, डब्यातले खायचे. न्यायालयाच्या खोलीत एका टेबलाभोवती बसून मुलाशी नाते जोडता येत नाही. तेथे मूल घड्याळ बघते आणि मोठी माणसेही घड्याळच बघतात.

मुलाची इच्छा विचारणे हाही एक नाजूक भाग आहे. समंजस पसंती बनवण्याइतके मूल मोठे असेल तर न्यायालय तिचा विचार करू शकते, असे पालक व पाल्य कायद्याचे सतरावे कलम म्हणते. वयाचा आकडा त्यात दिलेला नाही. सहा वर्षे पूर्ण व्हायला आली असताना न्यायाधीशांनी मुलाला आपल्या दालनात एकट्याला बोलावले. जाण्यापूर्वी त्याला काय शिकवावे यावर घरात चर्चा सुरू झाली, तेव्हा भाचीने ती थांबवली. तो बाहेर आल्यावर आम्ही विचारले नाही, पण रात्री जेवताना त्याने आपणहून सांगितले की साहेबांनी डब्यात काय आवडते ते विचारले, शाळेतील मित्रांची नावे विचारली, पुण्याच्या घरात खिडकीतून काय दिसते ते विचारले. कोणाकडे राहायचे हे त्यांनी विचारलेच नव्हते. पढवलेले मूल दोन वाक्यांत ओळखू येते, हे मला शिक्षिका म्हणून ठाऊक आहे. ‘मला त्यांच्यापासून धोका आहे’ असे सहा वर्षांचे मूल आपल्या शब्दांत कधी म्हणत नाही.

पुराव्याविषयी थोडक्यात. लसीकरणाचे कार्ड, शाळेच्या पावत्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, पालकसभेतील सह्या, असे रोजच्या सांभाळाचे कागद उपयोगी पडले. पगाराच्या आकड्याने ताबा ठरत नाही. ज्याचे उत्पन्न अधिक त्याने मुलाच्या खर्चाचा वाटा अधिक उचलायचा असतो, आणि त्यासाठी दोघांनीही उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, जे २०२० च्या रजनेश यांच्या खटल्यापासून सर्वत्र मागितले जाते. वकील परवडत नसेल तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली स्त्रियांना आणि मुलांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे त्यासाठी अर्ज करायचा असतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट केली पाहिजे. भेटी लवकर सुरू कराव्यात हे मी जे सांगते आहे ते आमच्यासारख्या घरांसाठी आहे. जेथे मारहाण झाली आहे, मुलाला इजा झाली आहे किंवा होण्याची भीती आहे, तेथे हा सल्ला कोणी लागू करू नये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या एकविसाव्या कलमाने दंडाधिकाऱ्यांना तात्पुरता ताबा आईला देण्याचा अधिकार दिला आहे, आणि भेट मुलाच्या हिताला बाधक ठरेल असे वाटले तर ती नाकारलीच पाहिजे असेही त्यात म्हटले आहे. अशा वेळी दार बंद ठेवणे हेच वालीचे काम असते. आमच्याकडे तसे काहीही नसताना आम्ही दार बंद ठेवले, हा माझा सल आहे.

शेवटी दावा निकालापर्यंत गेलाच नाही. दोघांनी संमतीने घटस्फोट घेतला आणि मुलाविषयीच्या अटींची पुरसिस, म्हणजे न्यायालयात द्यायचे लेखी निवेदन, दाखल केली. संमतीचा आदेश झाला त्या दिवशी परतताना आम्ही सुरसागराजवळून आलो. तेथे सयाजीराव महाराजांच्या काळातील, १८९६ ची न्यायमंदिराची इमारत आहे. जिल्हा न्यायालय २०१८ साली दिवाळीपुऱ्याच्या नव्या संकुलात जाईपर्यंत बडोद्याच्या पिढ्यान्‌पिढ्या तेथेच न्याय मागायला येत असत. हिंदूंना घटस्फोटाची मुभा देणारा कायदा बडोदे संस्थानाने १९३१ सालीच केला होता. साऱ्या देशासाठी तसा कायदा १९५५ साली झाला. माझ्या आईला त्याचा फार अभिमान होता. गाडीत बसल्याबसल्या मी भाचीला ते सांगितले. तिने मान हलवली आणि मुलाला पुण्याला पाठवायच्या पहिल्या सुटीत त्याच्याबरोबर काय काय द्यायचे याची यादी करू लागली.

पुरसिशीच्या मसुद्यावर मात्र आम्ही तीन महिने घालवले, आणि ते तीन महिने सत्कारणी लागले असे मी म्हणेन. विधी आयोगाने २०१५ सालच्या आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली आहे, आणि पालकांनी आपसांत करायच्या आराखड्याविषयी, आजी-आजोबांनाही मुलाचा वेळ मिळण्याविषयी त्यात मार्गदर्शन आहे. संसदेने त्याचा कायदा केलेला नाही, पण त्यात जे मुद्दे सांगितले आहेत ते आपल्या पुरसिशीत लिहून घेण्यापासून कोणी अडवत नाही. आमच्या पहिल्या मसुद्यात ‘सणावारी मूल आळीपाळीने दोघांकडे राहील’ एवढेच होते. समुपदेशक बाईंनी विचारले, सण म्हणजे कोणता दिवस? गणपती पुण्याच्या घरी दीड दिवसाचा आणि आमच्याकडे पाच दिवसांचा. मग स्थापनेला मूल कोठे? दिवाळीची सुटी गुजरातेत लांब असते आणि महाराष्ट्रातील सुटीशी तिच्या तारखा जुळतातच असे नाही. अर्धी सुटी म्हणजे कोणते अर्धे? लक्ष्मीपूजन पहिल्या अर्ध्यात आले तर भाऊबीज कोणाकडे, आणि पुण्याच्या चुलत बहिणी त्याला ओवाळणार केव्हा? हे प्रश्न ऐकताना क्षुल्लक वाटतात, पण पुढच्या पाच वर्षांतील भांडणे याच जागांवर होतात. म्हणून शेवटच्या मसुद्यात वर्ष सम असेल तर काय आणि विषम असेल तर काय, मुलाला न्यायला आणि सोडायला कोण येईल, कोणत्या गाडीने, गाडी चुकली तर किती वाजेपर्यंत कळवायचे, मूल आजारी पडले तर बुडालेली भेट कोणत्या आठवड्यात भरून द्यायची, बुधवार आणि रविवार व्हिडिओवर किती वाजता बोलायचे, शाळा बदलताना आणि पारपत्र काढताना दोघांची लेखी संमती कशी घ्यायची, असे सर्व लिहिले. पुण्याच्या आजीसाठी संक्रांतीच्या आसपासचे चार दिवस वेगळे ठेवले, ही अट भाचीने आपणहून घातली.

मुलगा आईकडे बडोद्यात राहतो, महिन्यातील दोन शनिवार-रविवार वडील येथे येतात, आणि सुट्यांत तो पुण्याला जातो. वडील आता गुजराती बऱ्यापैकी बोलतात; त्यांनी पुण्यात शिकवणी लावून ती शिकून घेतली. मुलाविषयीचे आदेश कधीच कायमचे नसतात, परिस्थिती बदलली की ते बदलून मागता येतात, हे न्यायालयांनी अनेकदा सांगितले आहे, आणि आमच्याकडे तशी वेळ गेल्या जूनमध्ये आली. मुलाची शाळा शनिवारी सकाळची झाली आणि त्यानंतर त्याचा क्रिकेटचा सराव सुरू झाला, त्यामुळे शनिवारी दहाची भेट जमेना. भाचीने वडिलांना फोन केला, दोघांनी मिळून भेट दुपारी दोनपासून धरायचे ठरवले, आणि न्यायालयात दोन ओळींची नवी पुरसिस दिली. या वेळी मी बरोबर गेले नाही. तो सरावाहून येईल म्हणून त्याचा डबा घेऊन मैदानावर थांबले होते.